रुमालातली अक्षरे, फाइलमधली अक्षरे

१४ ऑक्टोबर २०२५ या तारखेला पंचांगात काही विशेष नव्हते. तरी त्या दिवशी जगभरातल्या असंख्य घरांमध्ये एक प्रश्न येऊन उभा राहिला. 'विंडोज १०' ही संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम २९ जुलै २०१५ रोजी आली होती. दहा वर्षांनी, त्या ऑक्टोबरात, तिला मिळणारा नेहमीचा आधार थांबला. संगणक बंद पडले नाहीत. ते दुसऱ्या दिवशीही तसेच सुरू झाले. पण घराच्या कुलपाची डागडुजी करणारा माणूस यापुढे येणार नाही, असा निरोप त्यातून मिळाला होता. ज्यांनी नावनोंदणी केली, त्यांच्यासाठी ही डागडुजी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालू ठेवण्याची सोय झाली, एवढेच.

त्यानंतरची 'विंडोज ११' ही सिस्टिम ५ ऑक्टोबर २०२१ पासून उपलब्ध होती. मात्र तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची व्यवस्था आणि त्यामानाने नवा प्रोसेसर लागतो. २०१५-१६ च्या सुमाराची बरीचशी यंत्रे या नियमात बसत नाहीत. मग घराघरांत विचारविनिमय सुरू झाला. नवे यंत्र घ्यायचे, की जुन्यावरच दिवस काढायचे, की लिनक्ससारखी विनामूल्य सिस्टिम घालायची? कुठल्याही वाटेने गेले तरी पहिला सवाल एकच असतो. घरातला जाणता मुलगा किंवा मुलगी तो विचारते : "बॅकअप घेतलाय ना?"

या एका प्रश्नाला मराठीत मोठा इतिहास आहे. आज त्याच इतिहासाबद्दल थोडे बोलायचे आहे.

हा विषय माझ्याकडे कसा आला, तेही सांगतो. मी कविता लिहितो. बी.ए. झालो ते मराठी घेऊन. कवितेवर चूल पेटत नाही, म्हणून सोलापुरातल्या एका छापखान्यात आधी मुद्रिते तपासली आणि नंतर डीटीपी केले. लग्नपत्रिका, पतपेढीचे अहवाल, दिवाळी अंक, उरुसाची पत्रके, सगळे हातांखालून गेले. त्यामुळे संगणकावरच्या मराठीचे बालपण मला ऐकून नव्हे, तर बोटांनी माहीत आहे.

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. संगणकाला 'क' कळत नाही. त्याला आकडे कळतात. आपण 'क' दाबला की तो एक आकडा जपून ठेवतो आणि पुन्हा फाइल उघडली की त्या आकड्याच्या जागी 'क'चे चित्र दाखवतो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर, हे ठरवणारे कोष्टक ज्याच्याजवळ आहे, त्यालाच फाइल वाचता येते. कोष्टक हरवले तर आकडे जागच्या जागी राहतात आणि मजकूर नाहीसा होतो. पुढची सगळी कथा या एका वाक्यात आहे.

इंग्रजीचे कोष्टक अमेरिकेत १९६३ सालीच ठरले होते. आपल्याकडे १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांवर काम झाले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि ते काम तिथे पुढे वाढले. त्यातून 'जिस्ट कार्ड' आले. संगणकाचे झाकण उघडून आतल्या खाचेत हे कार्ड बसवायचे, की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटत. १९८६ साली 'इनस्क्रिप्ट' हा कळफलक प्रमाण ठरवला गेला. त्यात स्वर आणि त्यांची चिन्हे डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' हे भारतीय लिप्यांचे कोष्टक मानक म्हणून प्रसिद्ध केले. म्हणजे पाया वेळेवर घातला गेला होता.

घर मात्र त्या पायावर बांधले गेले नाही. २४ ऑगस्ट १९९५ रोजी 'विंडोज ९५' आली आणि डीटीपीचे पेव फुटले. गल्लोगल्ली संगणक आले. त्या विंडोजला देवनागरी येत नव्हती. मग सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी एक युक्ती काढली. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे. एका जागी काना, एका जागी अर्धा 'क', एका जागी रफार. संगणकाला वाटे की आपण इंग्रजीच लिहितो आहोत. पडद्यावर आणि कागदावर उमटे मराठी. श्रीलिपी, आकृती, आयएसएम ही नावे त्या काळात छापखान्यांत घरच्यासारखी झाली होती.

या युक्तीने मराठी छपाईचा कायापालट केला, हे मान्य केलेच पाहिजे. खिळे जुळवण्याची पाळी संपली. लहान गावातल्या कवीलाही स्वतःचा संग्रह परवडू लागला. पण प्रत्येकाचे कोष्टक वेगळे होते. एका फॉन्टमध्ये ज्या आकड्याला 'म', दुसऱ्यात त्यालाच वेलांटी. एका दुकानात टाइप केलेला मजकूर शेजारच्या दुकानात उघडला की पडद्यावर कंस, डॉलरच्या खुणा आणि डोक्यावर टिंबे असलेली परकी अक्षरे यांची जत्रा भरे. म्हणून फ्लॉपीबरोबर चिठ्ठी जोडावी लागे : अमुक फॉन्टमध्ये आहे.

दरम्यान तिकडे एक वेगळेच काम चालू होते. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकच कोष्टक असावे, या विचारातून 'युनिकोड' जन्माला आले. त्याची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये निघाली आणि तिच्यात देवनागरी होती. तिची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली होती. म्हणजे इथे केलेले काम जगाच्या कोष्टकात जाऊन बसले. पण ते आपल्या टेबलावर यायला दहा वर्षे लागली. विंडोज २००० मध्ये 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट आला. पुढे २५ ऑक्टोबर २००१ रोजी 'विंडोज एक्सपी' आली. तिच्यातही मराठी आपोआप चालू नसे. सेटिंगमध्ये जाऊन एका चौकोनात बरोबरची खूण करायची, मग ती सिस्टिमची मूळ सीडी मागे. ती सीडी घरात असेलच असे नाही. २००७ च्या जानेवारीत घराघरांसाठी आलेल्या व्हिस्टापासून ही अट गेली.

कोष्टकसुद्धा एका दमात पूर्ण झाले नाही. 'ॲ' हे आपले अक्षर पाहा. 'ॲप' लिहायला लागणाऱ्या या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ सालच्या ५.१ आवृत्तीत. तोवर लोक 'अ'वर चंद्र ठेवून काम भागवत.

आता घरातल्या बॅकअपकडे वळू. नवी सिस्टिम कोरी करकरीत घालायची म्हणजे हार्ड डिस्क पुसली जाते. म्हणून आधी प्रत काढायची. प्रत ठेवण्याची साधने किती वेगाने बदलली, ते आठवा. साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ एमबी मावत. आजच्या मोबाइलवर काढलेला एक फोटो तिच्यात बसायचा नाही. मग ७०० एमबीची सीडी आली, मग पेन ड्राइव्ह, मग हातावर मावणारी हार्ड डिस्क, आणि आता दूर कुठेतरी ठेवलेला 'क्लाउड'. दर वेळी लोकांनी मागच्या साधनातून पुढच्यात सामान हलवले. माझ्याकडे २००३ साली लिहिलेल्या सीड्यांची चळत आहे. त्यांतल्या काही आज फिरतात आणि काहीच सांगत नाहीत. नवीन लॅपटॉपला तर सीडीची खाचच नसते.

यातून जगभर एक साधा नियम रूढ झाला. पीटर क्रोघ या अमेरिकी छायाचित्रकाराने तो लोकप्रिय केला. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवा आणि त्यांतली एक घराबाहेर ठेवा. आग लागली, पूर आला, चोरी झाली, तर तीच उपयोगी पडते. २०११ पासून ३१ मार्च हा 'जागतिक बॅकअप दिन' म्हणूनही पाळला जातो. नियम चांगला आहे. मराठी माणसाने मात्र त्यात एक कलम जोडायला हवे, आणि ते का, हे आपला जुना इतिहास सांगतो.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कागद बांधून ठेवण्याचे फडके. जमाखर्च, पत्रे, निवाडे, इनामांच्या नोंदी, सगळे त्यात बांधलेले. जपणूक म्हणाल तर उत्तम झाली, म्हणून तर कागद टिकले. पण छपाईत देवनागरी बाळबोध रूढ झाली, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतूनही गेली आणि दोन पिढ्यांत वाचणारे हात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. पणजोबांनी लिहिलेले घरातले खतपत्र पणतूला वाचता येत नाही. कागद आहे, शाई आहे, मराठीच आहे. कोष्टक गेले.

म्हणूनच गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापून काढले, ते काम मला फार मोठे वाटते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोडी वाचली, ती देवनागरीत उतरवली आणि छापून अनेक ठिकाणी पोचवली. आजच्या भाषेत याला 'कन्व्हर्जन' म्हणतात. त्याआधी १८९८ पासून वि. का. राजवाडे गावोगाव फिरून घरांच्या माळ्यांवरचे कागद मिळवून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापत होतेच. या लोकांनी बॅकअप हा शब्द ऐकला नव्हता. पण प्रत काढणे आणि ती पुढच्या पिढीला वाचता येईल अशी करणे, ही दोन निराळी कामे आहेत, हे त्यांना पक्के ठाऊक होते. गंमत अशी, की त्या मोडीलाही २०१४ साली युनिकोडच्या ७.० आवृत्तीत जागा मिळाली.

१९९५ ते २००५ या काळात टाइप झालेली मराठी ही आपली नवी मोडी आहे. या दहा वर्षांतले किती दिवाळी अंक, किती गावांचे इतिहास, किती प्रबंध, किती कवितासंग्रह जुन्या फॉन्टमध्ये आणि पेजमेकरच्या फाइलींमध्ये पडून असतील! पेजमेकरची शेवटची ७.० आवृत्ती २००१ साली आली. छापलेले पुस्तक कुठल्यातरी ग्रंथालयात सापडेल. जे छापले गेले नाही, त्याचे काय?

माझ्या घरात असे न छापलेले काही होते. माझी अम्मा बार्शी तालुक्यातल्या एका खेड्यातली. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण जात्यावर बसली की तिच्या तोंडी मराठी ओव्या येत. तिला लिहिता येत नव्हते. १९९८ च्या उन्हाळ्यात मी तिच्याजवळ बसून त्या लिहून घेतल्या आणि रात्री छापखान्यातल्या यंत्रावर टाइप केल्या. दोनशेच्या वर भरल्या. २००६ साली अम्मा गेली. मूळ वही एका पावसाळ्यात भिजून तिचा लगदा झाला. उरली ती फाइल. फ्लॉपीतून सीडीत, सीडीतून पेन ड्राइव्हमध्ये, तिथून हार्ड डिस्कमध्ये असा तिचा प्रवास झाला. त्या फाइलीशेजारी मी तिचा फॉन्टही दर वेळी हलवत आलो होतो. छापखान्यातली चिठ्ठी जोडण्याची सवय, दुसरे काही नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या जुन्या यंत्रावर उबुंटू घालायचे ठरले. हे लिनक्सच्या घराण्यातले नाव. याची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये निघाली आणि पुढची काही वर्षे, २०११ पर्यंत, मागेल त्याच्या घरी टपालाने फुकट सीडी येत असे. आता पेन ड्राइव्ह पुरतो. त्यावरून यंत्र सुरू करून डिस्कला हात न लावता सगळे चालवून पाहता येते : वायफाय, आवाज, छपाईयंत्र, मराठी. पटले तरच पुढचे बटण दाबायचे. माझ्या भाचीने आणि मी एक पूर्ण शनिवार नुसत्या प्रती काढण्यात घालवला. प्रत काढून झाली की ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहायची, हा तिचा दंडक. रविवारी सकाळी सिस्टिम घातली. तासाभराच्या आत काम झाले. कळफलकात इनस्क्रिप्ट मिळाला, १९८६ सालचाच, आणि बोटे न अडखळता चालू लागली. जे मानक म्हणून ठरले ते चाळीस वर्षे टिकले, हे त्या क्षणी मला कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त पटले.

मग अम्माची फाइल उघडली. आधी तीच परकी अक्षरांची जत्रा. फॉन्ट नव्या सिस्टिममध्ये घातल्यावर ओव्या दिसू लागल्या. पण दिसणे पुरेसे नव्हते. भाचीला त्या मोबाइलवर हव्या होत्या, शोधता यायला हव्या होत्या. म्हणजे युनिकोड हवे. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. ते जुन्या कोष्टकातला आकडा घेऊन नव्या कोष्टकातला देतात. हे काम वाटते तितके सरळ नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर नोंदली जाते. रफाराचे उलट, तो जुन्यात नंतर आणि नव्यात आधी. आणि सगळ्यात नाजूक प्रश्न अर्ध्या 'र'चा. मराठीत 'आचार्यांना' वेगळे आणि 'आचाऱ्यांना' वेगळे, एक गुरू आणि दुसरा स्वयंपाकी. हिंदीसाठी केलेली साधने इथे हमखास घसरतात.

आमचेही तसेच झाले. एका ओवीत माहेरच्या वाटेचे वर्णन आहे. कन्व्हर्टरमधून निघालेल्या मजकुरात ती वाट 'दर्या' ओलांडून जात होती. भाचीला काही वावगे वाटले नाही. दर्या म्हणजे समुद्र, शब्द शुद्ध, घरात बोलला जाणारा. आम्ही त्या ओव्या अम्माच्या धाकट्या बहिणीला, माझ्या खालाला, वाचून दाखवल्या. वय ऐंशीच्या पुढे. डोळ्यांनी दिसत नाही. तिने मध्येच थांबवले आणि म्हणाली, "अपने गाव में दर्या कां से आया रे?" आणि मग बालाघाटाच्या 'दऱ्या' तिने स्वतःच गाऊन दाखवल्या. अशी सात ठिकाणे निघाली. पुढे तर तिने फाइलीत नसलेल्या अकरा ओव्या सांगितल्या. आमच्यात कुराण तोंडपाठ असणाऱ्याला हाफिज म्हणतात. त्या शब्दाचा अर्थच 'जपणारा'. त्या दुपारी खाला आमच्या घरच्या ओव्यांची हाफिज होती.

मोठ्या प्रमाणावर हेच काम हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी केले. त्यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांचा संगणकीय संग्रह उभारला आणि हजारो ओव्यांचे ध्वनिमुद्रणही केले. २०१७ पासून 'पारी' या संस्थेने त्या पुन्हा लोकांसमोर आणायला सुरुवात केली. तिथे अक्षरही आहे आणि आवाजही. एक अडखळले तर दुसरे सावरते.

म्हणून ते जास्तीचे कलम. तीन प्रती, दोन साधने, एक घराबाहेर, हे झालेच पाहिजे. त्याशिवाय जुना मराठी मजकूर असेल तर त्याचा फॉन्ट सोबत ठेवा. तो आजच युनिकोडमध्ये आणा आणि जुनी फाइलही पुसू नका, कारण पडताळायला तीच लागेल. शक्य असेल तर कागदावर एक प्रत काढा. आणि बदललेला मजकूर अशा माणसाला वाचून दाखवा, ज्याच्या कानात तो मुळात आहे. डिस्क नवी मिळते. असा माणूस दुकानात मिळत नाही, आणि त्याच्यासाठी मुदतवाढीची नावनोंदणीही नसते.

अम्माच्या ओव्या आता चार ठिकाणी आहेत. आमच्या यंत्रात, एका हार्ड डिस्कवर, पुण्याला भाचीकडे, आणि छापून शिवलेल्या एका वहीत. ती वही खालाच्या उशाशी असते. तिला वाचता येत नाही, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला ती वाचायला लावते आणि चुकले की थांबवते.